केयाचे चुकीचे अंदाज

नवीन फोनवर आमच्या खेळाचं ॲप टाकून मी 'पुढचा नियम' हे बटण दाबलं आणि पहिलाच नियम आला तो ओळखीचा निघाला. 'टेबलाला न टेकणारे पिरॅमिड नेमके दोन हवेत.' शनिवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते, अमेरिकेतल्या या रेडमंड गावाचा नेहमीचा चिवट भुरभुर पाऊस बाल्कनीच्या कठड्यावरून ओघळत होता आणि एक वाजता सुनेत्रा केयाला माझ्याकडे सोडणार होती. असतो एखादा योगायोग, असं म्हणून मी पुन्हा बटण दाबलं. 'तांबडे आणि निळे यांची संख्या सारखी हवी.' हाही ओळखीचा. तिसऱ्या वेळी मी बटणावर बोट ठेवून डोळे मिटले आणि मनात म्हणालो, आता 'पिवळा एकही चालणार नाही' असं येईल. डोळे उघडले तर तेच आलं होतं. मागच्या वर्षीच्या मार्चमधले पहिले तीन शनिवार, जसेच्या तसे, त्याच क्रमाने, कालच विकत घेतलेल्या फोनमधून बाहेर येत होते. जुना फोन बुधवारी भांडी घासताना सिंकमध्ये पडून गेला, त्यातलं काहीही मी या फोनवर आणलेलं नव्हतं. मग याला कसं माहीत होतं?

केया माझी मुलगी, तेरा वर्षांची. सुनेत्राचा आणि माझा घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून केया आठवडाभर आईकडे आणि शनिवारी दुपारी एक ते सहा माझ्याकडे असते. पहिले काही शनिवार फार वाईट गेले. मी मुळात न बोलणारा माणूस. ऑफिसमध्ये मी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधतो, माझं पोटच त्यावर चालतं, आणि चूक सापडली की मला बोलता येतं, एरवी माझी दातखीळ बसते. नागपूरला आमच्या घरी सगळेच असे होते. बाबा आणि मी एकेक तास गॅलरीत बसायचो आणि त्याला आम्ही गप्पा म्हणायचो. सुनेत्राने हे तेरा-चौदा वर्षं सोसलं. केया माझ्यासमोर सोफ्यावर बसायची, शाळा कशी आहे म्हणून मी विचारायचो, ती 'गुड' म्हणायची, आणि मग आम्ही दोघं डिशवॉशरचा आवाज ऐकत बसायचो. त्यात एकदा ती शाळेच्या क्लबमधून हा खेळ घेऊन आली. प्लास्टिकचे छोटे रंगीत पिरॅमिड, काळ्या-पांढऱ्या गोट्या. एकाने मनात एक गुप्त नियम धरायचा. दुसऱ्याने पिरॅमिड मांडून रचना करायच्या. रचना नियमात बसली तर पांढरी गोटी, नाही बसली तर काळी. त्यावरून नियम ओळखायचा. अंदाज चुकला तर नियमवाल्याने नुसतं 'चूक' म्हणून चालत नाही, त्याला अशी एक नवी रचना करून दाखवावी लागते की जिच्यामुळे तो अंदाज खोटा पडेल. माझे नियम केया दोन मिनिटांत ओळखायची. 'बाबा, तुझे सगळे रूल्स सिमेट्रीचे असतात,' असं म्हणायची. मी अपमानाने पेटलो आणि एका रविवारी बसून हे ॲप लिहिलं. बटण दाबलं की आपोआप एक नियम तयार होतो. मग ठरूनच गेलं, फोन माझ्या हातात, ओळखायचं केयाने, आणि एका शनिवारी एकच नियम.

आणि आजचा शनिवार साधा नव्हता. सुनेत्राला विमानाने चार तासांवरच्या ॲन आर्बरला विद्यापीठात संशोधनाची नोकरी लागली होती, ऑगस्टमध्ये ती जाणार होती. केयाने तिच्याबरोबर जायचं की माझ्याकडे राहायचं हे केयानेच ठरवावं, असं आम्ही दोघांनी मध्यस्थबाईंसमोर कबूल केलं होतं. सोमवारी केयाच्या ताब्याच्या कागदांवर सह्या होत्या आणि केया मला तिचा निर्णय आज सांगणार होती. तोपर्यंत मी तिला काही विचारायचं नाही, सुचवायचं नाही, चेहरा पाडायचा नाही, असं वचन मी दिलं होतं. न बोलण्याचं वचन माझ्याकडून घेण्याची खरं तर गरज नव्हती. पण गेले तीन आठवडे मी नीट झोपलो नव्हतो, कॉफीचा कप हातात घेऊन नुसता उभा राहत होतो, आणि केया गेली तर या घरात माझं काय होईल हा विचार मी अर्ध्यातच बंद करून टाकत होतो.

लॅपटॉप उघडून प्रोग्राम पाहिला तर चूक दुसऱ्याच ओळीत सापडली. यंत्राला खरं म्हणजे मनात येईल ते करता येत नाही. त्याला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो, त्या आकड्यावरून ते पुढचे सगळे आकडे काढतं. आकडा तोच असला की पुढची सगळी माळही तीच. तपासणी करताना आम्ही मुद्दाम एकच आकडा धरून ठेवतो, म्हणजे चूक झाली तर तीच चूक पुन्हा करून बघता येते. नंतर तो काढून तिथे घड्याळातली वेळ घालायची, म्हणजे प्रत्येक वेळी माळ वेगळी होते. हे मी आजवर किमान वीस पोरापोरींना शिकवलं असेल आणि जो विसरला त्याला सगळ्यांसमोर झापलं असेल. माझ्या ॲपमध्ये मी सतरा हा आकडा धरला होता आणि तो तसाच राहून गेला होता. खेळ कुठवर आला ते ॲप जपून ठेवतं, म्हणून जुन्या फोनवर माळ पुन्हा पहिल्यापासून कधी सुरू झालीच नव्हती आणि मला हे कळलं नव्हतं. आधी लाज वाटली. मग हळूहळू लाज मागे पडली आणि दुसरंच काहीतरी वाटायला लागलं, ज्याला मला नीट नाव देता येत नाही. म्हणजे आमचे सगळे शनिवार त्या रविवारीच ठरले होते. ज्या दिवशी केयाला ताप होता आणि तिने पांघरुणात बसून पिरॅमिड मांडले, तो नियम. ज्या दिवशी बर्फामुळे सुनेत्राची गाडी अडकली, तो नियम. पुढच्या वर्षीचे, दहा वर्षांनंतरचे, मी नसेन तेव्हाचेही नियम सतरा या आकड्याच्या पोटात आत्ता, या क्षणी, ओळीने उभे होते. कोणी लिहिले नव्हते. कोणाच्या मनातही आले नव्हते. तरी प्रत्येक नियम खरा होता, त्यापुढे काळी गोटी काळी होती आणि पांढरी पांढरी. मी खुर्चीत मागे टेकून बसलो आणि बराच वेळ खिडकीबाहेरच्या डग्लस फरच्या झाडाकडे पाहत राहिलो, लहानपणी गच्चीवर उताणं पडून आभाळाकडे पाहायचो तसा.

आम्ही चोपन्न नियम खेळलो होतो. पंचावन्नाव्यापर्यंत जायला मला बटण चोपन्न वेळा दाबणं भाग होतं. तीन झाले होते, मी चौथ्यापासून सुरुवात केली आणि प्रत्येक नियम माझ्या वहीशी पडताळत गेलो. हो, मी वही ठेवतो. हसण्यासारखं आहे, पण मला सवय आहे: नियमाचा क्रमांक, केयाचे अंदाज, मी त्यांना खोटं पाडायला केलेल्या रचना, सुरू केल्याची वेळ, सुटल्याची वेळ. सव्वीस किंवा सत्तावीसपर्यंत आलो असेन तेव्हा डोक्यात एक बारीकसा विचार आला आणि बोट बटणावरच थांबलं. केयाच्या टॅबलेटवरही हे ॲप आहे. मीच टाकून दिलं होतं. तिकडे ती सुनेत्राबरोबर खेळते, आणि तिकडे टॅबलेट केयाच्या हातात असतो, ओळखायचं सुनेत्राने. आठवड्याला तीन-चार नियम सहज होतात, असं सुनेत्रा म्हणाली होती. म्हणजे केया माझ्या खूप पुढे होती. मी शनिवारी गंभीर चेहरा करून, फोन छातीशी धरून जो नियम तिच्यापासून लपवत होतो, तो तिने कित्येक महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातात वाचलेला होता.

पहिल्यांदा मी हे मान्यच केलं नाही. कारण माहीत असलेला नियम ओळखायला कोणी अडीच तास लावत नाही. आणि केया लावायची. इतका वेळ लावायची की मागच्या नोव्हेंबरमध्ये मी काळजीने सुनेत्राला फोन केला होता. केया लॉजिकमध्ये जरा कच्ची वाटते, आपण तिला क्लास लावूया का, शेजारच्या मालिनी काकूंच्या मुलीला त्याचा फार उपयोग झाला, असं मी तिला समजावत होतो. सुनेत्रा म्हणाली, 'कच्ची? केया? ती मला अर्ध्या मिनिटात खोटं पाडते, निमिष.' मला वाटलं, आई आहे, मुलीची बाजू घेते. माझ्याकडे वही होती, वहीत आकडे होते. चांगला सहा पानांचा तक्ता करून मी तिला पाठवलाही होता. त्याचं उत्तर आलं नाही.

आता तीच वही मी पुन्हा उघडली. पहिले पाच शनिवार: दहा मिनिटं, चौदा मिनिटं, आठ, अकरा, नऊ. सहाव्या शनिवारपासून दोन तास, सव्वादोन, अडीच. हा उभा कडा मी तेव्हाही पाहिला होता आणि घटस्फोटाचा मनावर परिणाम, असं समासात पेन्सिलने लिहून मोकळा झालो होतो. सुटल्याच्या वेळेचा रकाना मात्र मी कधी वरून खाली वाचला नव्हता. पाच चाळीस. पाच पंचेचाळीस. पाच बेचाळीस. पाच पन्नास. पाच चव्वेचाळीस. सुनेत्राची गाडी खाली सहाला येते. बर्फाच्या दिवशी ती सात वाजता आली, तिने साडेचारला तसा फोन केला होता. त्या दिवशीच्या रकान्यात लिहिलं होतं, सहा अडतीस.

मी एकतिसाव्या शनिवारचं पान काढलं. नियम होता, आडवे पिरॅमिड उभ्यांपेक्षा जास्त हवेत. केयाचा पहिला अंदाज: किमान दोन आडवे हवेत. टेबलावर तोवर ज्या चार रचना होत्या त्या सगळ्यांना हा अंदाज चपखल लागू पडत होता, आणि तरी तो चुकीचा होता. मी दोन आडवे आणि तीन उभे मांडून काळी गोटी ठेवली आणि तो खोटा पाडला. दुसरा अंदाज: किमान दोन आडवे आणि जास्तीत जास्त दोन उभे. हाही आता पाचही रचनांना लागू, हाही चुकीचा. मी दोन आडवे, दोन उभे मांडले. तेव्हा मला वाटलं होतं, बिचारी चाचपडते आहे. आता दिसत होतं की ती एकदाही भिंतीला धडकली नव्हती. समोरच्या सगळ्या पुराव्याला धरून असलेला आणि तरीही नेमका चुकीचा अंदाज करायचा तर नियम पूर्ण माहीत असावा लागतो. नुसता माहीत असून भागत नाही, तो इतका हातचा लागतो की त्याच्या भोवती बोटभर अंतरावरून फिरता यावं आणि धक्का लागू नये. एका दुपारी असे आठ, नऊ, दहा अंदाज. आणि प्रत्येक वेळी मला एक नवी रचना सुचेल एवढी फट ठेवून. बरोबर पावणेसहापर्यंत. मी वीस वर्षं हुशार माणसांत काढली आहेत, पण असं काम मी पाहिलं नव्हतं. आणि हे माझ्या टेबलावर, माझ्या नाकासमोर, एक बारा वर्षांची मुलगी केस कानामागे सारत, हनुवटी मुठीवर टेकवून, 'हम्म' करत करत होती. मी वही मिटली, पुन्हा उघडली. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

मग अर्थातच मी निष्कर्ष काढला. तो काढल्याशिवाय मला राहवतच नाही. जी मुलगी एकोणपन्नास शनिवार लांबवते, तिला इथे राहायचं आहे. दुसरा अर्थच निघत नव्हता. मी उरलेले नियम भराभर दाबून पंचावन्नाव्याच्या उंबरठ्यावर फोन आणून ठेवला. सतराचा आकडा काढला नाही. तोंड धुतलं, वरण-भाताचा कुकर लावला, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजताना माझ्या लक्षात आलं की मी चक्क गुणगुणतो आहे. ती इथे राहिली तर लिखाणाच्या टेबलाची खोली तिला द्यायची, टेबल माझ्या बेडरूममध्ये जाईल, हेही मी ठरवून टाकलं.

ती आली, जेवली, नेहमीसारखं लोणचं मागून घेतलं. वरण जरा पातळ झालंय म्हणाली. आज ती थोडी गप्प होती, पण मी कुठे बडबड्या आहे, मला ते जाणवलं असेल-नसेल. तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही टेबलाशी बसलो. मी बटण दाबलं. पंचावन्नावा नियम: 'सगळ्यात मोठा पिरॅमिड तांबड्याला टेकलेला हवा.' मी नियमाप्रमाणे दोन रचना मांडल्या, एकीपुढे पांढरी गोटी, एकीपुढे काळी. आतून मी अगदी आतुर झालो होतो. आता ती कोणता चुकीचा अंदाज काढेल, किती सुंदर काढेल, हे पहिल्यांदाच मला डोळे उघडे ठेवून पाहायला मिळणार होतं. केयाने पिरॅमिडना हातही लावला नाही. ती त्या दोन रचनांकडे एकदा पाहून म्हणाली, 'सगळ्यात मोठा रेडला टच होतोय. राइट?'

मी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून चौदा मिनिटं झाली होती. त्या दोन रचनांवरून शंभर वेगवेगळे नियम निघाले असते, तिने तोच कसा निवडला हे लपवायची तिने जराही खटपट केली नव्हती. मी मान हलवली. ती हात मांडीखाली दाबून बसली होती, लहानपणी डॉक्टरकडे बसायची तशी. 'मला आज राँगवाले नाही करायचे, बाबा,' ती म्हणाली. 'मला सांगायचंय आणि मग टाइम पण हवाय. आय वॉन्ट टू गो. आईबरोबर. आई मला ये म्हणाली नाहीये, मीच ठरवलं. ते स्कूल बघितलं ना आम्ही, मला आवडलं.'

टेबलावरची प्रत्येक रचना माझ्या अंदाजात बसत होती. एकोणपन्नास शनिवारांचा पुरावा होता. आणि तिने एक रचना मांडून तो खोटा पाडला होता. पण खरं सांगतो, त्या वेळीही मला त्या मुलीकडे पाहून थक्क व्हायला होत होतं. लांबवायचं कसं हे तिच्याइतकं कोणाला येत नव्हतं; आज पावणेसहाला सांगून, खाली हॉर्न वाजताच पळून जाता आलं असतं. मी तिच्या वयाचा असताना परीक्षेतले मार्कसुद्धा चिठ्ठीवर लिहून बाबांच्या चष्म्याखाली ठेवून यायचो. तिने स्वतःसाठी आणि माझ्यासाठी पावणेतीन तास मोकळे ठेवले होते, आणि आता त्यातून पळायला तिलाही जागा नव्हती.

वचनाची मुदत आता संपली होती, मी पहिल्यांदा प्रश्न विचारला. जाण्याबद्दल विचारलं नाही. मी म्हणालो, 'तुला सगळे नियम आधीच माहीत होते?' ती कानापर्यंत लाल झाली. सगळे नाही, सहाव्यापासूनचे, ती म्हणाली. तुझ्या ॲपमध्ये बग आहे हे मला मागच्या एप्रिलमध्येच कळलं होतं, पण तुला सांगितलं असतं तर तू लगेच फिक्स केलं असतंस. मी विचारलं, मग मुद्दाम चुकायचीस कशाला? तुला इथे इतकं थांबायचं होतं का, हे मात्र मी ओठांवरच ठेवलं.

केयाने एक निळा पिरॅमिड उचलला आणि तो बोटांत फिरवत राहिली. 'बिकॉज तेव्हा तू बोलायचास,' ती म्हणाली. 'मी राँग झाले की तू एक्सप्लेन करायचास. हे बघ केया, समजा हा आडवा ठेवला तर काय होईल, असं. यू वुड गो ऑन अँड ऑन. एकदा आजोबांचं पण सांगितलंस, ते पत्ते कसे लपवायचे ते. राइट आन्सर दिलं की तू फक्त "बरोबर" म्हणतोस आणि मग सगळं शांत होतं.'

सगळं शांत झालं होतं. डिशवॉशर मी लावला नव्हता, पाऊसही थांबला होता. तिचं उत्तर बरोबर होतं, त्यात दाखवण्यासारखी काही चूक नव्हती, मांडून दाखवण्यासारखी कोणती रचना नव्हती. घड्याळात तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती. केया माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत इतकी भीती होती की मला कळलं, मी काय म्हणेन यापेक्षा मी काहीच म्हणणार नाही याला ती घाबरली आहे. मी खुर्ची टेबलाच्या या बाजूने उचलून तिच्या बाजूला नेली, तिच्याशेजारी बसलो, आणि म्हणालो, 'मला फार वाईट वाटतंय, केया. आज सकाळपासून मी तुझी खोली कुठे करायची ते ठरवत होतो.' ती रडायला लागली, पण तिने मान वर केली, पुढचं ऐकायला. माझ्याजवळ पुढचं काही तयार नव्हतं. तरी मी बोलत राहिलो.